जर्मन विभागाचं यश आणि एक वासरू

विद्यापीठातल्या कुठल्याही जर्मन विभागाचं वार्षिक वार्तापत्र घ्या, आत काय असेल ते न उघडता सांगता येतं. इतके विद्यार्थी जर्मनच्या बी-टू पातळीत पास, दोघं-तिघं त्यावरच्या सी-वनमध्ये. एकीला डीएएडी या जर्मन शैक्षणिक विनिमय संस्थेची शिष्यवृत्ती, एक जण नेट, एक जेआरएफ. एका प्राध्यापकांनी जर्मनीतल्या परिषदेत शोधनिबंध वाचला. वाणिज्य दूतावासातून पाहुणे आले, त्यांना शाल-श्रीफळ देण्यात आलं, फोटोत पाहुण्यांना श्रीफळ कसं धरावं ते कळलेलं नाही. शेवटच्या पानावर नोकऱ्या: कोणती कंपनी आली, किती जणांना घेतलं, पॅकेज किती.

मी ही वार्तापत्रं मिळतील तिथून मिळवून वाचतो. जुनी खोड आहे. वाचताना एक ओळ शोधत असतो: यंदा विभागातर्फे अमुक पुस्तक जर्मनमधून थेट मराठीत आलं. ती ओळ क्वचित सापडते. सापडलीच तर ‘इतर उपक्रम’ या मथळ्याखाली, वृक्षारोपण आणि स्वच्छता पंधरवडा यांच्या मधोमध. आणि ते कामही बहुधा निवृत्त झालेल्या एखाद्या बाईंनी स्वतःच्या हौसेनं, स्वतःच्या पेन्शनमधून टायपिंगचे पैसे देऊन केलेलं असतं.

माझं म्हणणं असं की मुंबईतल्या सरकारी पैशावर चालणाऱ्या जर्मन विभागाच्या यशाची पहिली ओळ ती असायला हवी. बाकीची यादी खाली सरकली तरी चालेल.

असं म्हटलं की लगेच कुणीतरी विचारतं, मग नोकऱ्यांचं काय? आधी तेच निपटू.

मी स्वतः जर्मनवर पोट भरलेला माणूस आहे. ऐरोलीच्या एका कंपनीत मी अकरा वर्षं म्युनिक आणि श्टुटगार्टच्या थकलेल्या बिलांची पत्रं वाचली आणि लिहिली. पैसे थकले की जर्मन माणूस किती सभ्य वाक्यात किती कडक होऊ शकतो, यावर मी व्याख्यान देऊ शकेन. त्या पगारावर घराचे हप्ते फिटले. त्यामुळे ‘भाषा काय पोटासाठी शिकायची असते?’ असं कुणी नाक वर करून म्हणालं की मला राग येतो. ज्यांच्या घरात दोन पिढ्यांचं पोट आधीच भरलेलं असतं, त्यांनाच हा प्रश्न परवडतो.

आणि आजची मागणी तर माझ्या वेळेपेक्षा कितीतरी मोठी आहे. २०२४-२५च्या हिवाळी सत्रात जर्मनीत सुमारे ५९ हजार भारतीय विद्यार्थी होते. परदेशी विद्यार्थ्यांमध्ये सर्वांत मोठा गट आपलाच. ऑक्टोबर २०२४ मध्ये जर्मनीनं कुशल भारतीयांसाठीच्या व्हिसांचा वार्षिक आकडा २० हजारांवरून ९० हजारांवर नेण्याचं जाहीर केलं. त्याच वर्षी फेब्रुवारीत महाराष्ट्र सरकारनं बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी करार केला, पहिल्या टप्प्यात १० हजार तरुण पाठवायचे म्हणून. नर्स, वायरमन, प्लंबर, ड्रायव्हर. या मुलामुलींना जर्मन लागणार आहे आणि ते कुणीतरी नीट शिकवायला हवं, यावर वाद नाही.

पण ते शिकवायला डोंबिवली स्टेशनबाहेर क्लास आहेत, ठाण्यात आहेत, ऑनलाइन तर पावलोपावली. काळा घोड्याला मॅक्स म्युलर भवन, म्हणजे गोएथे इन्स्टिट्यूटची इथली शाखा, आहे, आणि परीक्षा कुठूनही द्या, गोएथे इन्स्टिट्यूटचं नाव असलेलं सर्टिफिकेट व्हिसाच्या खिडकीत चालतंच. ए-वन ते बी-टू हा जिना आता सगळ्या जगात एकच आहे, युरोप परिषदेनं २००१ मध्ये त्याच्या पायऱ्या ठरवून दिल्या. त्या जिन्यावर विद्यापीठाचा विभाग क्लासशी शर्यत लावतो तेव्हा तो हरतो. क्लासवाला रविवारी शिकवतो, रात्री नऊला शिकवतो, हप्त्यात फी घेतो, आणि निकाल लागायला त्याला चार महिने लागत नाहीत. जे काम क्लासला जमणार नाही, परवडणार तर मुळीच नाही, ते विभागानं करायचं. ते काम कोणतं, हे मला कळलं एका वासरामुळे.

जर्मनचा पहिला आठवडा कुणीही विसरत नाही. डेअर, डी, डास: पुल्लिंग, स्त्रीलिंग, नपुंसकलिंग. ‘डास’ म्हटल्यावर आमचा अख्खा वर्ग हसला होता. मुंबईतला प्रत्येक वर्ग हसत असणार, पावसाळ्यात तर जास्तच. मग सरांनी फळ्यावर लिहिलं की जर्मनमध्ये लिंगाला काही तर्क नाही, पाठ करा. ते इंग्रजीतून शिकवत होते, पुस्तक इंग्रजीतून होतं, कोश जर्मन-इंग्रजी होता. इंग्रजीच्या खिडकीतून पाहिलं तर तर्क नाहीच दिसणार. जिथे टेबलाला लिंगच नाही तिथे लिंग हा सगळाच चमत्कार.

बऱ्याच वर्षांनी, कामावर, एका शेतकरी संस्थेच्या विम्याची कागदपत्रं माझ्यासमोर आली. जनावरांची यादी होती. डास काल्ब म्हणजे वासरू. डास लाम, कोकरू. डास फोलन, शिंगरू. डास क्यूकन, कोंबडीचं पिल्लू. मी पेन खाली ठेवलं. ते वासरू, ते कोकरू, ते शिंगरू, ते पिल्लू. जर्मनमध्ये जी लेकरं नपुंसकलिंगी, ती मराठीतही नपुंसकलिंगीच. माणसाचंसुद्धा: डास किंड, ते मूल, ते लेकरू. मुलगी या अर्थाचा ‘मेटशन’ हा शब्द नपुंसकलिंगी का, म्हणून इंग्रजीतून शिकणारे डोकं धरून बसतात. गावाकडची आजी ‘ते पोरगं कुठं गेलं’ असं नातीबद्दल सहज म्हणते. तर्क होता. आमच्या घरात होता. मधल्या खिडकीमुळे दिसला नव्हता, एवढंच.

त्या दिवसापासून मी असे दाखले गोळा करतो. एकवीस घ्या. इंग्रजीत आधी वीस मग एक. जर्मन म्हणतो आइनउंडत्सवान्त्सिश, एक-आणि-वीस, आपल्या एकवीससारखं एकक आधी. ‘मला आवडतं’ घ्या. आमच्या पुस्तकात ‘एस गेफेल्ट मीर’ या वाक्यासाठी एक लांबलचक टीप होती, ‘टू मी इट इज प्लीजिंग’ असं काहीतरी, आणि खाली ‘हे विचित्र वाटेल’ अशी पुस्ती. आम्हाला का विचित्र वाटावं? मला आवडतं. मला थंडी वाजते: मीर इस्ट काल्ट. मला सुचतं: मीर फेल्ट आइन. चतुर्थी जिथे आपण लावतो तिथेच ते लावतात. आणि आम्ही, मराठी माध्यमातून आलेली पोरं, आधी मनात इंग्रजी वाक्य करायचो, मग त्यावरून जर्मन. घरात नळ असताना शेजारच्या सोसायटीतून पाणी भरून आणल्यासारखं.

आता हेच अनुवादाला लावून बघा. जर्मन माणूस कुणाला ‘झी’ म्हणतो, कुणाला ‘डू’. त्यासाठी त्यांच्याकडे क्रियापदं आहेत: झीत्सन आणि डूत्सन. आपल्याकडेही आहेत: अहो-जाहो करणे, अरे-तुरे करणे. इंग्रजीत दोन्हींना एकच ‘यू’. समजा, एका कादंबरीत दोन शेजारी वीस वर्षं एकमेकांना झी म्हणत आलेत, आणि एका प्रेतयात्रेहून परतताना त्यातला थोरला नुसतं ‘डू’ म्हणतो. गोष्ट तिथे वळते. इंग्रजीत ते वळण एखाद्या जादा शब्दानं, नाहीतर खांद्यावर हात ठेवून दाखवावं लागतं, किंवा गळून जातं. मग त्या इंग्रजीवरून मराठी करणारा काय करतो? दोन म्हातारे आहेत म्हणून पहिल्या पानापासून त्यांना अरे-तुरे करायला लावतो. मुळात जे होतं ते मराठीत जसंच्या तसं मावलं असतं. दोन्ही भाषांकडे जी गोष्ट आहे ती, जिच्याकडे ती नाही अशा तिसरीच्या हातून जाताना हरवली.

याच्या उलटही होतं. कधी मराठीला जर्मनपेक्षा जास्त बोलावं लागतं. ३१ ऑगस्ट २०१५ रोजी, निर्वासितांचे लोंढे येत असताना, जर्मनीच्या तेव्हाच्या चॅन्सेलर आंगेला मेर्केल पत्रकार परिषदेत म्हणाल्या, ‘विर शाफन डास.’ हे तीन शब्द जगभर गाजले, त्यावरून जर्मनीत अजून भांडणं होतात. मराठीत काय करायचं? ‘आम्ही हे निभावून नेऊ’ की ‘आपण’? आम्ही म्हटलं तर जर्मन लोक एकीकडे आणि आलेले सीरियन दुसरीकडे. आपण म्हटलं तर दारातला माणूस आत आला. जर्मनमधल्या ‘विर’ला हे ठरवावं लागत नाही, इंग्रजीलाही नाही. मराठी बातमीदाराला एका सेकंदात ठरवावं लागतं, आणि ते ठरवायला मेर्केलबाईंचं त्या दिवशीचं सगळं बोलणं माहीत हवं. माझं मत ‘आपण’ला आहे, पण माझ्याशी भांडणारे लोक मला हवे आहेत. असं भांडण जिथे व्हावं ती जागा म्हणजे विभाग.

काफ्काचं एकच उदाहरण देतो आणि पुढे जातो. १९१५ मध्ये छापलेल्या त्याच्या कथेतला माणूस सकाळी उठतो तो ‘उनगेत्सीफर’ होऊन. इंग्रजीत अनेकदा ‘इन्सेक्ट’ झालं, म्हणून आपण किडा म्हणतो. पण त्या शब्दाच्या मुळाशी अर्थ आहे, बळी द्यायलाही अपवित्र असं जनावर. विटाळ या शब्दाचा अर्थ ज्या भाषेला पिढ्यानपिढ्या अंगावर माहीत आहे, तिला त्या पहिल्या वाक्यात केवढं सापडलं असतं.

मुंबईत जर्मन आजची नाही, आणि पूर्वी ती कशासाठी शिकली जायची हे बघण्यासारखं आहे. १८६३ मध्ये जर्मन संस्कृत पंडित गेओर्ग ब्यूलर एल्फिन्स्टन कॉलेजात शिकवायला आले. पुण्याला डेक्कन कॉलेजात त्यांच्यासारखेच जर्मन संस्कृतज्ञ कीलहॉर्न होते. दोघांनी मिळून बॉम्बे संस्कृत सिरीज उभी केली. त्यांच्याबरोबर आणि त्यांच्या बरोबरीनं काम करणाऱ्या रामकृष्ण गोपाळ भांडारकरांना पुढे ग्योटिंगनची सन्मान्य पदवी मिळाली. विष्णु सीताराम सुखठणकर बर्लिनला प्राध्यापक ल्यूडर्सच्या हाताखाली पाठचिकित्सा, म्हणजे हस्तलिखितं ताडून मूळ पाठ ठरवणं, शिकले, परत येऊन १९२५ पासून भांडारकर संस्थेत महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीची धुरा वाहिली. त्याच सुखठणकरांची महाभारताच्या अर्थावरची व्याख्यानं मुंबई विद्यापीठाच्या विद्यमाने चालू होती, आणि चौथं व्हायच्या आधीच जानेवारी १९४३ मध्ये ते गेले. इरावती कर्वे मुंबई विद्यापीठात समाजशास्त्रज्ञ घुर्यांकडे एम. ए. करून १९२८ साली बर्लिनला गेल्या, ऑयगेन फिशरसारख्या वंशवादी माणसाच्या हाताखाली कवट्या मोजल्या, आणि डोक्याच्या आकारावरून वंशाची प्रत ठरते या त्याच्या सिद्धांताला आपल्या मोजमापात आधार नाही असा निष्कर्ष काढून डॉक्टरेट घेऊन आल्या. हे धैर्य मला कुठल्याही पदकापेक्षा मोठं वाटतं.

आणि आंबेडकर. १९२१ मध्ये बाबासाहेबांनी बॉन विद्यापीठात नाव दाखल केलं होतं. त्यासाठीचा त्यांचा हस्ताक्षरातला जर्मन मजकूर तिथल्या दप्तरात आहे. परळच्या चाळीत राहिलेल्या माणसानं जर्मनमध्ये अर्ज लिहावा, याची बातमी आपल्या जर्मन विभागांच्या भिंतीवर फ्रेम करून का लावलेली नसते, मला कळत नाही. जर्मन ही माटुंगा-पार्ल्यातल्या मुलांची भाषा, असा जो एक समज आहे, त्याला त्या फ्रेमनं दोन दिवसांत उत्तर मिळालं असतं.

या सगळ्यांत एक धागा आहे. प्रश्न त्यांचे इथले होते. महाभारताचा मूळ पाठ कुठला, माणसांच्या डोक्याच्या आकारावरून त्यांची प्रत ठरते का. जर्मन हे त्यासाठीचं अवजार. २०१४ च्या नोव्हेंबरात केंद्रीय विद्यालयांत भर वर्षात तिसरी भाषा म्हणून जर्मन काढून संस्कृत आणली गेली, तेव्हा ‘संस्कृत की जर्मन’ म्हणून चॅनेलांवर आठवडाभर दंगल चालली होती. ब्यूलरच्या मुंबईत बसून ती बघताना मला फार करमणूक झाली.

उलट दिशेचाही इतिहास आहे आणि तो तर मुंबईच्या अंगाखांद्यावर आहे. मालाडला १९३४ साली बॉम्बे टॉकीज उभं राहिलं, तिथे दिग्दर्शक फ्रान्झ ऑस्टेन म्युनिकचे, कॅमेऱ्यामागे योसेफ विर्शिंग. त्याच सुमारास हिटलरच्या सावलीतून निसटलेले ज्यू मुंबईत येत होते. त्यांतल्या वाल्टर काउफमननं आकाशवाणीची ती सूचक धून बांधली, जी ऐकत आमच्या आधीच्या दोन पिढ्यांनी पहाटे चुली आणि स्टोव्ह पेटवले. व्हिएन्ना-ग्राझकडचे चित्रकार लांगहॅमर, बर्लिनचे कलासमीक्षक फॉन लायडन यांनी हुसेन, रझा, आरा यांच्यासारख्या पोरसवदा चित्रकारांना उभं राहायला हात दिला. या माणसांची पत्रं, आठवणी, टिपणं जर्मनमध्ये आहेत. म्हणजे आपल्या शहराच्या एका दशकाचा इतिहास जर्मनमध्ये पडला आहे आणि तो मराठीत आणायला लागणारी माणसं कालिन्याला मुंबई विद्यापीठात एम. ए. करतात. नाटकवाल्यांनी त्यांच्या परीनं केलं. विजया मेहतांनी वायमारचे दिग्दर्शक फ्रिट्झ बेनेविट्झ यांच्याबरोबर जर्मन नाटककार ब्रेख्त मराठीत उभा केला, १९७८ मध्ये पुलंनी तीन पैशाचा तमाशा दिला. पण ती रंगभूमीची कमाई.

मग विभाग हे का करत नाहीत? प्राध्यापक आळशी आहेत म्हणून, असं म्हणणं सोपं आहे आणि चुकीचं आहे. कारण हिशेबात आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमावलीत बढतीसाठी गुणांचा तक्ता आहे. भाषा आणि मानव्यशास्त्रांत एका शोधनिबंधाला १० गुण. संपूर्ण पुस्तकाच्या अनुवादाला ८. एका प्रकरणाच्या अनुवादाला ३. चारशे पानांची कादंबरी, तीन वर्षांची रात्रपाळी, प्रत्येक ‘विर’पाशी अडखळणं, आणि त्याचं मोल बारा पानांच्या एका निबंधाहून दोन गुणांनी कमी. ज्या माणसाला सहयोगी प्राध्यापक व्हायचंय तो अनुवाद करील तर त्याला घरचेच वेड्यात काढतील. निवृत्त बाई का करतात, त्याचं उत्तर या तक्त्यात आहे. त्यांची बढती संपलेली असते.

दुसरं कारण अकरावीच्या प्रवेश अर्जात आहे. तिथे इंग्रजीनंतरच्या दुसऱ्या भाषेसाठी एकच रकाना: मराठी किंवा हिंदी किंवा जर्मन किंवा फ्रेंच. मुंबईत जर्मन ‘स्कोअरिंग’ म्हणून घेतली जाते हे सगळ्यांना माहीत आहे, मीही घेतली. म्हणजे जर्मन घ्यायची किंमत ही की सोळाव्या वर्षी मराठी सुटते. पाच-सात वर्षांनी तोच मुलगा एम. ए. जर्मनच्या वर्गात बसतो तेव्हा त्याची मराठी दहावीच्या कुमारभारतीपाशी थांबलेली असते, आणि आपण त्याच्याकडून अनुवादाची अपेक्षा करतो. दोन टाके एकाच वेळी घालता येऊ नयेत अशी शिलाई आपणच केली आहे. २०२५ मध्ये पहिलीपासून हिंदीच्या शासन निर्णयावरून महाराष्ट्र पेटला, जूनच्या शेवटी सरकारनं तो मागे घेतला. त्या सगळ्या गदारोळात अकरावीच्या या रकान्याबद्दल कुणी एक शब्द बोललं नाही.

हे बदलायला फार मोठी यंत्रणा लागत नाही. एम. ए. च्या शेवटच्या सत्रात जर्मनमधल्या तीस-चाळीस पानांचा थेट अनुवाद सक्तीचा करा, आणि एक परीक्षक मराठी विभागातला ठेवा. दोन्ही विभाग कालिन्याच्या विद्यानगरीच्या एकाच आवारात आहेत; मधलं अंतर चहा थंड होण्याआधी कापता येतं. पीएच. डी. च्या प्रबंधाबरोबर पन्नास पानी मराठी सारांश मागा. प्रबंध जर्मनमध्ये लिहिलेला, परीक्षक जर्मनीतला, ग्रंथालयात प्रत कुलपात, आणि त्यावर खर्च झालेला पैसा सायनच्या दुकानदाराच्या कराचा, असा आजचा मामला आहे. तक्त्यातले गुण बदलणं दिल्लीच्या हातात, पण विभागाच्या वार्तापत्राचं पहिलं पान विभागाच्याच हातात असतं.

मुलं सगळी मराठी थोडीच असतात, असा आक्षेप येतो. खरंय, मुंबईचा वर्ग आहे. मग गुजराती मुलीनं गुजरातीत करावा. तिच्याकडेही तीन लिंगं आहेत. तमिळ मुलानं तमिळमध्ये करावा, त्याच्याकडे आम्ही-आपण हा भेदही आहे. माझा आग्रह एवढाच की इंग्रजीत करू नये, ते काम जगात पुष्कळ लोक करतात. मराठीत वाचणार कोण, हा दुसरा आक्षेप. याचं उत्तर मला देता येत नाही, कुणालाच येत नाही. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी अभिजात दर्जा मिळाला तेव्हा पेढे वाटणाऱ्यांनी वाचावं, अशी आशा. आणि तिसरा आक्षेप आता नवा आहे: मशीन करील की. मी करून पाहिलं. दोन शेजाऱ्यांचा एक संवाद घातला. मशीननं पहिल्या वाक्यात ‘तुम्ही’ म्हटलं, तिसऱ्यात ‘तू’, पाचव्यात पुन्हा ‘तुम्ही’. शेजाऱ्यांचं नातं बिचाऱ्याला कुणी सांगितलंच नव्हतं. जर्मन आणि मराठी समोरासमोर ठेवलेली पानं जगात जितकी असतील तितकंच ते शिकणार, आणि ती पानं भरायचं काम आपलंच.

आमच्या कळव्याच्या इमारतीत दुसऱ्या मजल्यावर एक मुलगी आहे, नर्सिंग झालेली, बी-टूची तयारी करते. रविवारी सकाळी वही घेऊन माझ्याकडे येते. तिला साहित्याशी देणंघेणं नाही आणि मीही तो विषय काढत नाही. तिला परीक्षेत पास व्हायचंय आणि एप्रिलच्या आत कागद हवेत. मागच्या महिन्यात ती एक वाक्य घेऊन आली. ‘हाबन विर गूट गेश्लाफन?’ शब्दशः, आपल्याला नीट झोप लागली का? सकाळी राउंडला जाणारी नर्स पेशंटला असं विचारते. तिच्या क्लासच्या मॅडमनी सांगितलं होतं की तिकडे याला नर्सांचं अनेकवचन म्हणून हिणवतात, असं बोलू नका, पेशंटला वाटतं आपल्याला लहान मूल समजतात.

“पण काका,” ती म्हणाली, “आमच्या वॉर्डात मोठे डॉक्टर ‘काय, झोप लागली का आपल्याला’ म्हणाले की म्हातारी माणसं खूश होतात. आपण म्हटलं की मान दिल्यासारखं वाटतं ना?”

मी म्हटलं, वाटतं.

“मग त्यांना का राग येतो?”

मी सांगू लागलो की त्यांच्या ‘विर’मध्ये आपला मानाचा ‘आपण’ नाही, त्यांचा मान ‘झी’त आहे. तिनं वहीत दोन रकाने आखले, एकावर विर लिहिलं, एकावर झी, आणि ‘आपण’ कुठे लिहायचं म्हणून पेन दोन्हींच्या मधल्या रेघेवर धरून ती माझ्याकडे बघत राहिली.